बैल जाईल एवढी वाट

१० नोव्हेंबर २०२४
धुऱ्यापलीकडचं घर

भिया खेमसिंग,

मी बोलायला लागले की तू उठून जातोस आणि फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. पत्र वाचताना उठून गेलास तरी पत्र तिथेच राहतं. फाडायचं असेल तर फाड, मी दुसरं लिहीन. जूनमध्ये नर्सबाईची नोकरी संपली, पेन्शन सुरू झाली, आता मला घाई कसली?

तांड्यातल्या तुझ्या घरापासून माझं हे घर सरळ चाललं तर वीस मिनिटांवर. हे पत्र मात्र आधी फुलसावंगीच्या पोस्टात जाईल, तिथे दोन दिवस आराम करेल आणि मग पोस्टमनच्या सायकलवरून तुझ्या दारात येईल. आपले पणजोबा बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घालायचे, तेही याहून लवकर पोचत असतील.

तर, मी राहायला आले. दोन खोल्या, वर टिन, पुढे बसायला सपरी, पडवीसारखी. मागच्या खिडकीतून हात बाहेर काढला की सागाचं पान हाताला लागतं. सकाळी साडेचारला उठते, चूल पेटवते, कोरा चहा घेते. सपरीत बसून तो चहा संपेपर्यंत कुणीही मला काही विचारत नाही. तीस वर्षं लोकांची बाळंतपणं केली रे मी, अंधारात, पावसात, बैलगाडीत. सकाळचा चहा गरम प्यायची ही माझी पहिली दिवाळी.

माझा मुलगा लखन पुण्याहून रोज विचारतो, "याडी, तिथं काय आहे?" फोनला रेंज फक्त वरच्या मोठ्या दगडावर येते. तिथे चढून त्याला सांगते, इथे तुझा फोन लागत नाही, हे आहे.

विटा आल्या तोवर धुऱ्यावरची, आपल्या दोघांच्या शेतांमधल्या बांधावरची, वाट उघडी होती. टिन बसलं त्या दिवशी संध्याकाळी पाहिलं, तर बोरीच्या काट्या आडव्या टाकलेल्या, पुरुषभर उंच. छान रचल्यास. बापूनं शिकवलं होतं तसंच, जाड बुडखे बाहेर, शेंडे आत. आता मी जंगलातून वळसा घालून येते-जाते. पाऊण तास लागतो, पण तब्येतीला बरं.

तलाठ्यासमोर तू थोरल्या बहिणीबद्दल जे बोललास ते मात्र मनात राहिलं आहे. तू म्हणालास, "बाईनं बैलावर उभी राहून हवेली गायली तवाच सगळं देऊन टाकलं. आता वाटा कायचा?" तलाठी बिचारा नवा, अकोल्याकडचा. त्याला मीच समजावलं, की आमच्यात नवरी सासरी निघते तेव्हा तिला सजवलेल्या बैलावर उभी करतात, आणि ती हात वर करून बापाच्या घराला आशीर्वाद देत गाते, त्याला हवेली म्हणतात. चूल भरलेली राहो, गोठा भरलेला राहो. आधी तांड्याचं कडवं, मग गुरांचं, मग याडी-बापूचं, आणि सगळ्यांत शेवटी भावाचं. तलाठी म्हणाला, "मग दिलंच की हो ताई तुम्ही." मी म्हटलं, "साहेब, हवेली पुरी कुठं झाली? भावाचं कडवं यायच्या आधीच बैल पळाला. अख्ख्या तांड्याले ठाऊक हाय, रुपीची हवेली अर्धी राह्यली."

तलाठी हसला, आणि तू उठून गेलास. मी तुला हरवायला नव्हते रे आले. सात एकरांतली काळी जमीन तुझी, विहीर तुझी, मी मागितली ती जंगलाला लागून असलेली दीड एकराची खडकाळ पट्टी. त्यासाठी हक्कसोडीवर सही करायला मी नाही म्हटलं, इतकाच माझा गुन्हा. मला माहेर सोडून जमीन नको होती. मला माहेरातच कोपरा हवा होता.

आठ दिवसांत परत जाईल असं तू तांड्यात म्हणालास, ते माझ्यापर्यंत आलं. आज अकरावा दिवस आहे.

तुझी बाई,
रुपी


२२ डिसेंबर २०२४

भिया,

थंडी कडक आहे. सकाळी टिनावरून दव ठिबकतं, त्याखाली मी बादली लावली आहे, पाव बादली भरते. हसू नको, भांडी त्यातच घासते.

माकडांनी मेथी खाल्ली. रोही, त्या नीलगाई, येऊन तुरीचे शेंडे खाऊन गेल्या. उरलेलं मी खाल्लं. पुढच्या वर्षी जास्त पेरायचं, म्हणजे सगळ्यांना पुरेल. रानडुकरांसाठी तानाबाईनं एक उपाय सांगितला, कुंपणाला जुन्या साड्या बांधायच्या. आता माझ्या नोकरीतल्या सगळ्या पांढऱ्या साड्या कुंपणावर फडफडतात. लांबून बघणाऱ्याला वाटेल, इथे नर्सांची सभा भरली आहे.

तानाबाई म्हणजे जंगलापलीकडच्या वस्तीतली म्हातारी. तिच्या दोन्ही सुनांची बाळंतपणं मी केली होती, तेव्हा ती मला चोर समजून काठी घेऊन उभी होती, आता रोज येते. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "एकलीच राह्यतं तू? भेव नाई वाटत?"

मी म्हटलं, "कायचं? बिबट्याचं?"

"बिबट्याचं कायले? भावाचं म्हनून राह्यली मी. त्या काट्या पाह्यल्या ना."

मी तिला सांगितलं की माझा भाऊ मनाचा वाईट नाही, फक्त रागीट आहे, आणि राग त्याला जास्त दिवस धरता येत नाही. लहानपणी जेवण टाकून रुसून बसायचा आणि आम्ही झोपलो की उठून उतरंडीतला गूळ खायचा. तिनं तोंडाला पदर लावला. तर तुझी अब्रू मी वस्तीत अशी सांभाळते आहे.

पाणी मी झिऱ्यावरून आणते. खाली उतरायला दगड आहेत, तेवढंच जपायचं. पायाला थोडं लागलं होतं, आता ठीक आहे. बाकी सगळं झकास. लोकांना कळलं की मी इथे आहे, रविवारी चार-पाच जण येतात, कुणाचं बीपी बघ, कुणाच्या पोराचा खोकला. मी फक्त बघते आणि दवाखान्यात पाठवते. येताना कुणी लाकडं आणतं, कुणी वांगी. तुझ्या तांड्यातलेही येतात. वळसा घालून येतात बिचारे, तुझ्या काट्यांपायी.

रुपी


९ फेब्रुवारी २०२५

भिया खेमसिंग,

हे पत्र वाचून चिडशील, म्हणून आधी बसून घे.

तुझी रंजिता गेले तीन रविवार माझ्याकडे येते. पुसदला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगते आणि जंगलातून वळसा घालून इथे येते. आज मी तिला म्हटलं, चोरून यायचं तर येऊ नको, मी तुझ्या बापाला कळवणार. ती म्हणाली, "कळवा फुई, पन पयले शिकवा."

तिला हवेली शिकायची आहे. मे महिन्यात लग्न, आणि तांड्यात पन्नाशीच्या आतल्या एकीलाही पुरी येत नाही.

"याडीले अर्धीच येते," ती म्हणाली. "डीजेवाला म्हनते पेन ड्राइव्हवर हाय."

"मंग लाव की पेन ड्राइव्ह."

"पेन ड्राइव्ह रडते का, फुई?"

मी शिकवायला बसले. पोरीचा गळा याडीसारखा आहे, खालच्या सुरात जरा भरून येतो. तिला भाऊ नाही, म्हणून शेवटचं कडवं बापाच्या नावानं धरायचं ठरवलं. तुझ्या नावानं. ते म्हणताना ती दोनदा थांबली. तुझ्यावर जीव आहे तिचा, आणि तुझी भीतीही आहे. माझ्याशी बोलते हे कळलं तर तू लग्नात माझं नाव निघू देणार नाहीस, असं तिला वाटतं. मला वाटतं तू इतका लहान नाहीस. बघू कोण बरोबर ठरतं.

आता मी दोन गोष्टी कबूल करते. एक, डिसेंबरमध्ये 'पायाला थोडं लागलं' लिहिलं, ते खोटं होतं. झिऱ्याच्या दगडावरून कळशीसकट पडले होते. घोटा भोपळ्याएवढा सुजला. पंधरा दिवस तानाबाईनं पाणी भरलं, मला हात धरून बाहेर नेलं. ती सत्तरीची, मी तिची नर्स. तिसऱ्या दिवशी मी रडले, दुखण्यानं नाही. आपल्या विहिरीचा रहाट इथून ऐकू येतो, खेमा. सकाळी तू पाणी काढतोस तो आवाज ऐकत मी पडून राहायची. तुला कळवलं नाही, कारण तुला दया येऊन तू काट्या काढल्या असत्यास, आणि दयेनं उघडलेली वाट मला नको होती.

दुसरी गोष्ट चाळीस वर्षांची आहे. तू विसरला आहेस असं धरून सांगते.

मी अठरा वर्षांची, तू बारा वर्षांचा. धोळ्या बैलाला आरशांची झूल घातली होती आणि त्याचा कासरा बापूनं तुझ्या हातात दिला होता. मी वर उभी. तांड्याचं कडवं झालं, गुरांचं झालं, याडी-बापूचं झालं. तुझ्या नावाला तोंड उघडलं आणि धोळ्या उधळला. मी पडले, बांगड्या फुटल्या, सगळे म्हणाले बैल बिथरला. बापूनं धोळ्याला चार फटके मारले. मग शुभवेळ टळायला नको म्हणून मला तशीच गाडीत बसवलं.

मी वरून पाहिलं होतं, खेमा. तुझ्या मुठीत बाभळीचा काटा होता.

गाडी निघताना तू चाकाला धरून पळत होतास आणि ओरडत होतास, "हवेली पुरी नाई झाली! बाईले नेता येत नाई!" मोठ्यांना वाटलं पोरगं विधीला धरून बसलं आहे. मला तेव्हाच कळलं. हवेली पुरी झाली नाही तर बाई जाणार नाही, असा तुझा हिशोब होता. मला विचारलं तेव्हा मीही बैल बिथरला असंच सांगितलं. माझ्या नवऱ्यालासुद्धा कधी खरं सांगितलं नाही.

तूच अर्धी ठेवलीस, मी परत यावं म्हणून. मी आले. जरा उशीर झाला, एवढंच. आता काटे तू दुसऱ्या बाजूनं लावतो आहेस.

रंजिताला अडवायचं असेल तर अडव. पुढच्या रविवारी मी वाट पाहीन.

रुपी


६ एप्रिल २०२५

भिया,

रंजिता त्या रविवारी आली, वेळेच्या आधी अर्धा तास. साडीला एक कुसळ नाही, पायाला माती नाही. मी विचारलं, "उडत आली का?" ती म्हणाली, "धुऱ्यावरून आली. काट्याईत फट हाय." डब्यात धनीवहिनीची ज्वारीची भाकर आणि तिळाची चटणी होती. फट कुणी केली हे तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन बघितली. कोयत्यानं नीट तोडलेली, एक माणूस अंग चोरून जाईल एवढी. मी दहा मिनिटं तिच्यासमोर उभी होते. पलीकडे तुझा गहू पिवळा पडलेला दिसत होता, त्यापलीकडे विहीर. आत यायला एक पाऊल पुरलं असतं. मी परत फिरले.

काल धनीवहिनी पत्रिका घेऊन आली. तीही फटीतून आली, पदर फाडून घेतला तिनं. मी तिला बसवलं, मोहफुलांचा चहा पाजला. सध्या मोह पडतो आहे, पहाटे झाडाखाली पिवळी चटई अंथरल्यासारखं दिसतं. तानाबाई आणि मी टोपल्या घेऊन जातो, अस्वलाला भूक लागायच्या आत परततो. वहिनीनं घर फिरून बघितलं. मग चुलीजवळ बसून म्हणाली, "बाई, किती शांत हाय वो इथं. मी आठ दिस राह्याले येऊ का?" ये म्हटलं. तू स्वतःचं जेवण करायला शिकून ठेव.

मग तिनं विषय काढला. "लग्नाले येता ना? ते तं काही बोलत नाईत. पन पत्रिका मीच घेऊन जातो म्हटलं तं नाई म्हनले नाईत."

मी तिला जे सांगितलं ते तुला तिनं सांगितलं नसेल, म्हणून लिहिते. फटीतून शेळी येते, बहीण येत नाही. मी तांड्याची लेक आहे, चोर नाही आणि पाहुणीही नाही. मी येईन तर आपल्या बापाच्या धुऱ्यावरून, समोरून, आणि बैल जाईल एवढ्या वाटेनं. नाही तर इथेच सपरीत बसून हवेली ऐकेन. वाऱ्याची दिशा बरोबर असली तर रहाटासारखीच तीही ऐकू येईल.

माझा यात तोटा काय आहे हे मला माहीत आहे. रंजिताची हवेली मी शिकवली आणि ती गाताना मीच नसेन, हे मला सोसणार नाही. रोज संध्याकाळी वाटतं, कशाला एवढा ताठा, जावं फटीतून. पण खेमा, एकदा अंग चोरून आत आले की जन्मभर अंग चोरूनच राहावं लागेल. मी इथे राहायला आले आहे. तुझ्या नजरेआड लपायला नाही.

घोटा बरा आहे. खरंच बरा आहे.

रुपी


४ मे २०२५

भिया खेमसिंग,

काल तू मला एक गोष्ट विचारलीस आणि मी उत्तर न देता निघून आले. उठून जायची पाळी या वेळी माझी होती. उत्तर इथे देते, आणि या वेळी पोस्टानं नाही, तानाबाईच्या हाती पाठवते.

लग्नाच्या सकाळी मी आंघोळ करून, आरसे लावलेला आपला घागरा, जुनी फेटिया, नेसून सपरीत बसले होते. निघायचं ठरलं नव्हतं, फक्त तयार होते. तानाबाई पळत आली. "तुया भावानं आग लावली," म्हणाली. जाऊन बघते तर काट्यांची राख, अजून गरम, आणि धुऱ्यावर जमीन सपाट करून टाकलेली. मी पावलांनी मोजलं. दोन बैल जोडीनं जातील एवढी वाट. सांगितलं तेवढंच करणं तुला कधी जमलंच नाही.

मी समोरून आले ते तू पाहिलंस. लगेच मंडपाची दोरी ओढायला लागलास, जशी काय ती सैल होती.

नवरीला बोलेरोत बसवायचं ठरलं होतं, हे मला वहिनीनं सांगितलं. उत्तमसिंगाचा पांढरा बैल तूच आदल्या दिवशी मागून आणलास, हेही सांगितलं. लोक म्हणाले, आजकाल बैलावर कोण उभं करते? तू म्हणालास, "माया पोरीले मी करतो." आणि डीजेची वायर स्वतः ओढून काढलीस.

मग रंजिता वर उभी राहिली. कासरा तुझ्या हातात. मी मुद्दाम बायकांच्या मागे, रांजणाजवळ थांबले होते, मला तिचं तोंड दिसायला हवं होतं. पण ती गायला लागली आणि मी तुझ्याकडेच बघत राहिले. तांड्याचं कडवं झालं, गुरांचं झालं, तिच्या याडीचं झालं. पन्नास माणसं रडत होती, तो अकोल्याचा तलाठीसुद्धा. तिनं श्वास घेतला. आता तुझं नाव येणार होतं. तुझा डावा हात हळूच बैलाच्या पोटाखाली गेला.

बैल उधळला. रंजिता बायकांच्या हातांवर पडली, हसत, रडत, माझ्याकडे बघून म्हणाली, "फुई, राह्यलंच की वो!" सगळे म्हणाले बैल बिथरला. कुणीतरी मलाही विचारलं. मी म्हटलं, हो, बिथरला असेल, माणसांची सवय नाही त्याला.

तुझ्यासाठी दुसऱ्यांदा खोटं बोलले. स्वतःच्या लेकीची हवेली तूच अर्धी ठेवलीस, आता हक्कसोडीचा कागद घेऊन माझ्या दारी कोणत्या तोंडानं येशील ते तू बघ.

वरात गेली, मांडव रिकामा झाला, आणि तू माझ्यासमोर येऊन उभा राहिलास. सहा महिन्यांत पहिल्यांदा बोललास. मान खाली घालून, बारा वर्षांच्या आवाजात. "बाई, मायं कडवं राह्यलं हाय तुयाकडं. आता म्हनतं का?"

खेमा, ते कडवं मला तोंडपाठ आहे. सगळ्या पावसाळ्यांत आणि सगळ्या पोस्टिंगांत, नेरच्या सरकारी क्वार्टरमध्ये भांडी घासताना मी ते मनात म्हटलं आहे. तुझं घर भरलेलं राहो, हे मी चाळीस वर्षं रोज म्हणते. पण मोठ्यानं म्हणणार नाही. मागू नकोस.

उद्या सकाळी ये. वाटेनं ये, मोठी आहे. साडेचारला चहा असतो, कोरा, तुला दूध हवं असेल तर तुझ्या म्हशीचं घेऊन ये. सपरीत बसू. रहाटाचा आवाज उद्या येणार नाही, कारण तू इथे असशील.

हवेली मात्र अर्धीच राहू दे. पुरी केली तर मला जावं लागेल, आणि मी आत्ता कुठे राहायला आले आहे.

तुझी बाई,
रुपी